‘नाचो लिब्रे’ वेडगळ आहे, अडाणी नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरबसल्या पाहण्याच्या सिनेमांची जी यादी येते, तिच्यात परवा ‘नाचो लिब्रे’ची चार ओळींत बोळवण झाली. पहिलवानांची टिंगल, डब्ल्यूडब्ल्यूईची नक्कल, खोट्या कुस्तीवरचा पोरकट विनोद आणि वर ‘सत्यकथेवर आधारित’. यातल्या तीन गोष्टी चुकीच्या आहेत आणि चौथी अर्धवट. सिनेमा वेडगळ आहे, हे आम्हीही मान्य करतो. तंग आकाशी विजार आणि त्यावर लाल चड्डी घातलेला, पोट सुटलेला मठातला आचारी कुस्तीत नशीब काढायला निघतो, एवढ्या कथेवर गंभीर परीक्षण लिहायला कुणी सांगत नाही. पण ज्या खेळावर हा वेडेपणा उभा आहे तो खेळ सिनेमा करणाऱ्यांना नीट माहीत होता. टिपण लिहिणाऱ्याला तो माहीत नव्हता, म्हणून हा पत्रप्रपंच.

ज्यांनी सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 2006 सालचा हा सिनेमा जॅरेड हेस यांनी दिग्दर्शित केला आणि त्याचं चित्रीकरण मेक्सिकोतल्या वाहाका भागात झालं. मठातल्या अनाथाश्रमात वाढलेला इग्नासिओ (जॅक ब्लॅक) तिथेच स्वयंपाक करतो. भाजीपाल्याला पैसे नसल्यामुळे पोरांच्या ताटात रोज तोच पातळ घाटा पडतो. मठात कुस्ती पाप समजली जाते. तरीही इग्नासिओ रात्री मुखवटा चढवून ‘नाचो’ होतो आणि एका हाडकुळ्या भुरट्या चोराला जोडीदार करून लढायला लागतो. हे दोघे प्रत्येक लढत हरतात. तरी पैसे मिळतात, कारण प्रेक्षकांना त्यांचं हरणंच आवडतं. आमच्या मते सिनेमातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच आहे, आणि ती पटण्यासाठी ‘लुचा लिब्रे’ म्हणजे काय हे माहीत असावं लागतं.

लुचा लिब्रे म्हणजे मेक्सिकोची मुखवटाधारी कुस्ती. साल्वादोर लुतेरोथ यांनी 1933 साली मेक्सिको सिटीत कंपनी काढून ती धंद्याच्या रूपात उभी केली. त्याच कंपनीचं अरेना मेक्सिको हे मोठं सभागृह 1956 पासून चालू आहे. 2018 साली त्या शहराने लुचाला आपला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं. निकाल आधी ठरलेला असतो, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आपल्याकडे याला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात आणि हा शब्द शिवीसारखा वापरतात. त्याचं कारणही रास्त आहे. आपल्या मैदानात लोक तिकीट काढून खरा निकाल बघायला येतात आणि नुरा कुस्ती म्हणजे त्यांची फसवणूक. लुचाच्या प्रेक्षकाला कुणी फसवत नाही. तमाशातला राजा खरा राजा नसतो म्हणून आपण पैसे परत मागतो का? तसंच ते आहे.

मग तिथे बघायचं काय? बाजू. एका बाजूला ‘तेक्निको’, म्हणजे नियमाने, देखणं लढणारे. दुसऱ्या बाजूला ‘रुदो’, म्हणजे पंचाची पाठ वळली की डोळ्यात बोट घालणारे. सर्वसाधारण लढत तीन फेऱ्यांची असते आणि दोन जिंकेल तो विजयी. मातीतल्या कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला लागले की चितपट आणि खेळ खलास. इथे खांदे टेकलेले असताना पंच तीन मोजतो, नाहीतर डाव असह्य झाल्यामुळे समोरचा शरण येतो. आखाड्याबाहेर गेलेल्याने वीस आकडे मोजून होईपर्यंत परत यायचं. जोडीच्या लढतीत आपला गडी बाहेर पडला की टाळी न देताही दुसरा आत येऊ शकतो. लुचाचा वेग अमेरिकन कुस्तीपेक्षा जास्त का, याचं अर्धं उत्तर या एका नियमात आहे. डोकं खाली करून गड्याला सरळ आपटण्याच्या ‘मार्तिनेते’ डावाला बंदी आहे आणि समोरच्याचा मुखवटा ओढून काढला तर ओढणारा बाद.

या शेवटच्या नियमावरून सिनेमाची एक चूक दाखवता येते. अखेरच्या लढतीत सोनेरी मुखवट्याचा पहिलवान रॅमसेस नाचोचा मुखवटा काढू लागतो. खऱ्या लढतीत पंचाने तिथेच रॅमसेसला बाद ठरवलं असतं आणि सिनेमा संपला असता. पुढे नाचो सगळ्यात वरच्या दोरावरून आखाड्याबाहेर झेप घेतो आणि जिंकतो, यातही सोय पाहिलेली आहे. लुचात बाहेरची झेप हा सहसा निकालाचा डाव नसतो, ती निकालाची चाहूल असते. पण अशी चूक काढायलाही आधी नियम जागेवर असावे लागतात, आणि या सिनेमात ते आहेत.

मुखवट्याबद्दल टिपणात ‘ओळख लपवण्यासाठी’ एवढंच होतं. इग्नासिओपुरतं ते खरं आहे, त्याला मठापासून लपायचंय. पण लुचात मुखवटा हीच ओळख. ‘एल सान्तो’ 1942 पासून चंदेरी मुखवट्यात लढला, त्याच मुखवट्यात पन्नासच्या आसपास सिनेमांत झळकला आणि 1984 साली गेला तेव्हा मुखवट्यासकट पुरला गेला. दोघांतलं वैर टोकाला गेलं की मुखवटाच पणाला लागतो. हरणाऱ्याने तो भर आखाड्यात काढून द्यायचा, आपलं खरं नाव सांगायचं आणि पुन्हा तो कधीच चढवायचा नाही. ज्याला मुखवटा नाही तो डोक्यावरचे केस लावतो आणि हरला तर तिथेच मुंडण.

असा पहिला मुखवटा 1934 च्या सुमारास अंतोनियो मार्तिनेस नावाच्या चपला-बूट शिवणाऱ्या कारागिराने शेळीच्या कातड्याचा बनवला. आजही मुखवटा मागून बुटासारखा नाडीने आवळतात, त्याचं मूळ इथे आहे. नाडीच्या आत बुटाला असते तशी जीभही असते, म्हणजे गाठ कवटीला रुतत नाही. हल्ली ताणणारं कापड वापरतात. सुती कापड घाम पिऊन जड होतं, आणि ते ताणलं जात नसल्यामुळे जबडा उघडला की सगळा मुखवटा वर सरकतो. माप घेताना नुसता डोक्याचा घेर घेऊन भागत नाही. हनुवटी ते टाळू, कपाळ ते मानेची खाच, दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाचा उंचवटा हे सगळं लागतं. घेर सैल राहिला तर पहिल्याच कोलांटीत मुखवटा फिरतो, डोळ्याचं भोक गालावर येतं आणि गडी आंधळा होतो. फार आवळला तर तोंडाने श्वास घेता येत नाही. नीट बसलेल्या मुखवट्यातही बाजूचं कमीच दिसतं, म्हणून मुरलेला लुचादोर, म्हणजे लुचाचा पहिलवान, पूर्ण मान वळवून बघतो. मुखवटा घातलेल्या माणसाच्या हालचाली जरा जास्त नाटकी वाटतात, त्यात या अडचणीचाही हात आहे. घरी शिवलेला वेष घालून नाचो मान आणि छाती एकदम वळवतो, ते नुसतं हसू नाही.

आता ‘खोटी कुस्ती’. निकाल ठरलेला असतो, पडणं ठरवून मऊ करता येत नाही. आपल्या हौदातली माती उकरून, पाणी, तेल, ताक, हळद घालून मुरवलेली असते, ती अंगाला सामावून घेते. लुचाच्या आखाड्यात लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळ गादी आणि वर ताणलेलं कापड. दोरसुद्धा बरेचदा रबरी नळीत ओवलेली तार असते. त्यावर पाठ टाकून उसळी घ्यायची तर काखेखाली वळ उठतात.

उदाहरणादाखल ‘ला तापातिया’ हा डाव घ्या. लुचात डावाला ‘याव्हे’ म्हणतात, म्हणजे किल्ली. समोरचा पालथा पडलेला असतो. आपण त्याच्या मागच्या बाजूला उभं राहून दोन्ही पावलं त्याच्या गुडघ्यांच्या मागच्या लवणीत रोवायची. त्याच्या पोटऱ्या आपल्या नडग्यांभोवती अडकल्या की वाकून दोन्ही मनगटं धरायची, मागे बसायचं आणि पाठीवर लोळण घेत हात-पाय वर ताणायचे. समोरचा पाळण्यासारखा आपल्यावर उताणा हवेत लटकतो. दिसायला अतिशय सुंदर. पण मनगटं धरण्याआधी पाय सुटले तर दोघे एकमेकांवर कोसळतात. लोळण घेताना हनुवटी छातीला टेकवली नाही तर डोकं मागे आपटतं. वरच्याचं सगळं वजन आपल्या नडग्यांवर येतं. आणि गंमत म्हणजे डाव पूर्ण बसला की आपलेच दोन्ही खांदे जमिनीला टेकलेले असतात, त्यामुळे पंचाने आपल्यावरच तीन मोजायला सुरुवात केली तर तक्रार करता येत नाही. म्हणून एक खांदा सतत उचलत राहायचं. समोरच्याची साथ नसेल तर हा डाव बसतच नाही हे खरं, पण साथ असूनही तो बसायला किती महिने जातात ते तालमीतल्या माणसाला सांगायला नको.

डाव दिसायला सोपा आणि शिकायला महिने, सिनेमातला विनोद या फटीतून निघतो. नाचो आणि त्याचा जोडीदार एकही डाव शिकत नाहीत. ते ताकद शोधत फिरतात. बैलाला सामोरं जातात, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून नाचो कडा चढून गरुडाचं कच्चं अंडं पितो. आपल्याकडेही बदाम, थंडाई आणि कच्ची अंडी मोजत बसणारे आणि जोर-बैठकांना दांडी मारणारे असतातच. पुढे केसाळ, बुटक्या जोडीसमोर हे दोघे उभे राहतात तेव्हा दोघांनाही पडायचं कसं हेच माहीत नसतं, म्हणून मार दुप्पट बसतो. पडता न येणारा माणूस लुचात सगळ्यात हास्यास्पद, हे ज्याला माहीत आहे तोच असा प्रसंग लिहू शकतो.

‘जाड्या माणसावरचे विनोद’ हा आरोपही आम्हाला अर्धाच पटतो. पोट दाखवून हसू काढलंय हे खरं. पण लुचात विनोदी जाडा पहिलवान हा बाहेरून आणलेला प्रकार नाही. ‘ब्रासो दे प्लाता’, म्हणजे ‘सुपर पोर्की’, हा त्यांचा लाडका गडी. 1988 साली तो धरून तीन ब्रासो भाऊ व्हियानो या पहिलवान भावांकडून मुखवटे हरले. त्यानंतर उघड्या चेहऱ्याने, भल्यामोठ्या पोटानिशी वरच्या दोरावरून उडी घेत त्याने लोकांना अनेक वर्षं हसवलं. हसता हसता लोक श्वास रोखायचे, कारण उडी खरी असायची. नाचो त्याच परंपरेत बसतो.

मात्र एका आक्षेपाला आमच्याकडे उत्तर नाही. जॅक ब्लॅकचं तोंडात सुपारी धरल्यासारखं स्पॅनिश वळणाचं इंग्रजी. हिंदी सिनेमातली मराठी मोलकरीण ‘मेरेको’ करत येते तेव्हा आपल्याला जसं वाटतं, तसं मेक्सिकोतल्या अनेकांना वाटलं असेल. आई स्कँडिनेव्हियाची धर्मप्रचारक आणि बाप मेक्सिकोचा, दोघे एकमेकांचं धर्मांतर करायला गेले आणि लग्न करून बसले, असा खुलासा सिनेमा देतो. खुलासा मजेदार आहे, पण पुरेसा नाही. बाजू सावरते ती बाकीच्या मंडळींमुळे. हेक्तोर हिमेनेसचा एस्केलेतो (नाचोचा तो हाडकुळा जोडीदार) आणि आना दे ला रेगेराची मठातली जोगीण सिस्टर एनकार्नासियोन ही दोन्ही कामं मेक्सिकन कलावंतांची आहेत आणि दोघेही चेहरा हलवू न देता विनोद करतात.

आणि रॅमसेस. टिपणात त्याचा उल्लेख ‘कुणीतरी दांडगा नट’ असा आहे. तो नट नव्हता. सेसार गोन्सालेस, आखाड्यातलं नाव ‘सिल्व्हर किंग’, हा खराखुरा नामवंत लुचादोर होता. वडील डॉक्टर वॅग्नर, भाऊ डॉक्टर वॅग्नर ज्युनियर, अख्खं घराणं या खेळातलं. अखेरच्या लढतीत जॅक ब्लॅकच्या धसमुसळेपणासमोर सगळं सुरक्षित आणि तरी भीतीदायक दिसतं त्याचं श्रेय बरंचसं त्याला जातं. नवशिक्याला उचलून आपटणारा माणूस अनुभवी लागतो. 11 मे 2019 रोजी लंडनमध्ये लढत चालू असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने तो आखाड्यात कोसळला आणि गेला. वय 51. तो उठत नाही हासुद्धा लढतीचाच भाग असेल, असं काही क्षण पाहणाऱ्यांना वाटत राहिलं. ‘खोटी कुस्ती’ हे दोन शब्द छापताना एवढं लक्षात असावं.

‘सत्यकथा’ म्हणाल तर मूळ माणूस आहे, कथा मात्र त्याची नाही. फादर सर्हियो गुतियेरेस बेनितेस, आखाड्यातलं नाव ‘फ्राय तोर्मेंता’, म्हणजे वादळ महाराज म्हणा हवं तर. तरुणपणी व्यसनात अडकलेला हा माणूस पुढे रीतसर पाद्री झाला. नाचोसारखा आचारी नव्हे. मेक्सिको सिटीजवळच्या तेश्कोकोत त्याने अनाथाश्रम चालवला आणि मुलांच्या खर्चासाठी दोन दशकांहून अधिक काळ लाल-पिवळ्या मुखवट्यात कुस्त्या केल्या. सिनेमात एका लढतीत दहा हजार पेसो मिळतात आणि मुलांसाठी बस येते. खऱ्या पाद्र्याला अशी एकरकमी लॉटरी लागली नाही, रात्रीमागून रात्री थोडं थोडं मिळत गेलं. पुढे हा माणूस मुखवटा घालूनच प्रार्थनाही चालवू लागला. असा प्रसंग नाचोच्या सिनेमात टाकला असता तर आपल्या टिपणकर्त्याने ‘अतिशयोक्ती’ म्हणून गुण कापले असते.

हे सगळं लिहिण्यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. शाळा-कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत मुखवट्याच्या कुस्तीचे विनोदी प्रवेश बसवले जातात. गादीऐवजी सतरंजी आणि आखाड्याऐवजी सिमेंटचा रंगमंच. टिपण वाचून कुणी हा सिनेमा पाहिला आणि प्रवेश बसवायला घेतला, तर काही गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात.

पाठीवर पडायचं ते कमरेवर किंवा माकडहाडावर नाही, पाठीच्या वरच्या रुंद भागावर. हनुवटी छातीला चिकटलेली. हात शरीरापासून तिरके, साधारण 45 अंशांत, तळवे खाली आणि पाठीबरोबर एकाच वेळी जमिनीवर चापट. श्वास बाहेर सोडत पडायचं, धरून ठेवला तर छाती कोंडते. सगळ्यात जास्त अपघात होतात ते मागे हात टेकायच्या उपजत सवयीने, त्यात मनगट जातं. म्हणून उभ्याने पडण्याआधी उकिडवं बसून मागे लोळण्याची सवय करावी आणि उंची हळूहळू वाढवावी.

कोणत्या बाजूला डाव करायचा तेही नक्की करा. मेक्सिकोत डोकं, हात धरताना उजवी बाजू धरतात, अमेरिकन कुस्तीत डावी. एकाने एका देशाच्या चित्रफिती बघितल्या आणि दुसऱ्याने दुसऱ्या, तर ऐन वेळी दोघे एकमेकांच्या उलट वळतात आणि खांदा निखळतो.

बाहेरची झेप मुळीच नको. दोरांमधून डोकं पुढे काढून मारलेली ‘तोपे’ बघायला सोपी वाटते. झेलणाऱ्याने हात वर करून उडणाऱ्याला छातीवर आणि काखेत घ्यायचं असतं, त्याच्या वेगाबरोबर मागे जात दोघांनी मिळून पडायचं असतं. झेलणारा एक पाऊल मागे राहिला तर उडणारा तोंडावर येतो. उडणाऱ्याने पाय लवकर सोडला तर बोटं मधल्या दोरात अडकतात आणि माणूस डोक्यावर उभा. खुद्द जॅक ब्लॅक चित्रीकरणात आखाड्याबाहेर उडी मारताना खुर्चीवर आपटला आणि डोळ्यापाशी खोक पडून टाके घालावे लागले, आणि त्याच्याभोवती तर सगळी व्यावसायिक माणसं होती. हसू आणायला उडी लागतही नाही. नाचो वेष चढवून आरशासमोर उभा राहतो तेवढं पुरतं.

मुखवटा घालणार असाल तर तालमीच्या पहिल्या दिवसापासून घाला, प्रयोगाच्या रात्री पहिल्यांदा नको. आणि जो उचलणार आहे तो उचलला जाणाऱ्यापेक्षा अनुभवी असावा, नुसता आडदांड असून चालत नाही.

पुढच्या पुरवणीत निदान सिल्व्हर किंगच्या नावाची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपले,
कुस्ती आणि सिनेमा दोन्ही पाहणारे काही वाचक,
कोल्हापूर